तिसरी किल्ली सामंत मॅडमकडे

दोन वर्षं मी आणि सामंत मॅडम एकाच ऑफिसातून, एकाच वेळी ठाणे स्टेशनला जायला निघायचो आणि एकदाही एका रिक्षात बसलो नाही. त्या पुढच्या रिक्षात, मी मागच्या. घोडबंदर रोड तुंबलेला असो, रिक्षा मिळायला अर्धा तास लागो, त्या एकट्या बसून निघून जायच्या आणि मी फुटपाथवर हात दाखवत उभी. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला वाटायचं आमचं भांडण आहे. त्याने एकदा मला बाजूला घेऊन समजावलंसुद्धा, "जाऊ द्या ना मॅडम, मोठ्या हैत त्या. तुम्हीच बोला पयले." त्याला खरं कारण सांगितलं असतं तर त्याने आम्हा दोघींनाही वेड्यात काढलं असतं.

खरं कारण असं की आम्हा दोघींकडे एकेक किल्ली होती.

आमची कंपनी आठ माणसांची. काम काय, तर कुणीही यावं, आपली डिजिटल नाणी तारण ठेवावीत आणि दुसरी नाणी कर्जाऊ घ्यावीत. मधे बँक नाही, मॅनेजर नाही, सही नाही. सगळे नियम एका प्रोग्रॅममधे लिहिलेले, त्याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. तो ब्लॉकचेनवर, म्हणजे हजारो कॉम्प्युटरांनी मिळून सांभाळलेल्या वहीवर, चढवला की लिहिलंय तसाच चालतो. लिहिणाऱ्याने चूक केली असेल तर ती चूकही तो तितक्याच इमानाने पार पाडतो, आणि त्यातून गेलेला पैसा परत आणायला कुठलं पोलीस ठाणं नाही. लिहिणारी मी होते. अडचणीच्या वेळी व्यवहार थांबवायचे किंवा नियम बदलायचे तर तीन किल्ल्या होत्या, त्यांतल्या कुठल्याही दोन लागायच्या. एक आमचा मालक निखिल याच्याकडे, एक माझ्याकडे, तिसरी सामंत मॅडमकडे. किल्ली म्हणजे पेनड्राइव्हएवढं यंत्र, आणि ते उघडणारा आकडा ज्याच्या त्याच्या डोक्यात. व्यवहार थांबवलेले असताना तिघांपैकी दोघांचं एकदम काही बरंवाईट झालं, तर लोकांची नाणी जन्मभर आत अडकणार.

"म्हणून एका रिक्षात दोन किल्ल्या नाहीत," किल्ल्यांची वाटणी झाली त्याच दिवशी मॅडमनी सांगून टाकलं.

सुनंदा सामंत डोंबिवलीच्या. कल्याणच्या एका सहकारी बँकेत त्यांनी एकतीस वर्षं सोनेतारणाच्या टेबलावर काढलेली. आमच्याकडे त्या आल्या ते निखिलच्या चिकटपणामुळे. गुंतवणूकदारांनी अट घातली होती की कर्ज देण्याघेण्याचा अनुभव असलेलं एक तरी माणूस हवं. अशी माणसं महाग असतात. निखिलच्या आईने त्याला सांगितलं, आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सामंतबाई रिटायर होऊन घरीच बसल्यात. झालं. सोमवारी सकाळी फिकट निळ्या साडीतल्या एक बाई स्टीलचा डबा, लाल-निळी पेन्सिल आणि नोटा मोजताना बोटाला लावतात ती रबरी टोपी घेऊन हजर झाल्या. मी इम्पोर्टेड खुर्चीत मांडी घालून बसलेले. मला हसू आवरेना.

"तू कोण?" त्यांनी विचारलं.

"मी मनाली. कॉन्ट्रॅक्ट मी लिहिते."

"आडनाव?"

"म्हात्रे."

"म्हात्रे, मला कॉम्प्युटर येतो, पण तुमचा हा नाही येत. तू मला हे मराठीत वाचून दाखवायचं. रोज अकरा ते बारा."

ऑफिसात त्या सगळ्यांना आडनावानेच हाक मारायच्या. बँकेतली सवय. निखिललाही त्यांनी सोडलं नाही, त्याला लहानपणी कडेवर घेतलेलं असूनही.

अकरा ते बारा या तासाचा मला सुरुवातीला भयंकर राग यायचा. मी एकेक ओळ छापील कागदावर बोट ठेवून मराठीत सांगायची, "तारणाची किंमत कर्जाच्या दीडपट किंवा जास्त असेल, तर कर्ज द्या." मॅडम डोळे मिटून ऐकायच्या. मग एक डोळा उघडून, "आणि नसेल तर?" मी सांगायची. "बरं, किंमत इतकी आहे असं कोण म्हणालं?" हे त्यांचं ठरलेलं. कुठलाही आकडा समोर आला की "कोण म्हणालं?" कँटीनमधल्या चहाचा भाव वाढला तरी "कोण म्हणालं?" आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. एकदा मी खुर्चीत डोळे मिटून "आणि नसेल तर?" म्हणत असताना त्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवाज जरा आणखी खाली घे," आणि डबा धुवायला निघून गेल्या.

पण महिनाभरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जी ओळ मला मराठीत धड सांगता येत नसे, ती मला कळलेलीच नसायची. कुठूनतरी उचलून चिकटवलेली असायची. अशी जागा आली की माझा वेग वाढायचा, आणि मॅडमची लाल पेन्सिल नेमकी तिथे टेकायची.

तारण परत देण्याच्या भागाशी आलो तेव्हा असंच झालं. मी वाचत होते, "तारण मालकाला पाठवा. मग त्याच्या नावावरची शिल्लक शून्य करा."

"आधी पुडी देतेस आणि नोंद नंतर?"

"एका सेकंदाचा तर प्रश्न आहे मॅडम."

"त्या सेकंदात तो दुसऱ्या खिडकीवर गेला तर? तिथे अजून शिल्लक दिसतेय. तिथूनही पुडी घेईल." बँकेत दागिन्यांची पुडी परत करताना त्या आधी रजिस्टरात सही घेत, कर्ज मिटल्याची नोंद करत, आणि मगच पुडीवरचा हात उचलत. "आधी नोंद, मग हात," त्या म्हणाल्या आणि दोन ओळींवर उलटसुलट बाण काढला. कॉलेजात याच चुकीवर मी परीक्षेत उत्तर लिहिलेलं होतं. जगभर कितीतरी लोक तिच्यामुळे बुडालेत हेही मला पाठ होतं. तरी माझ्या हातून ती सुटली होती आणि सोनेतारणवाल्या बाईंनी पेन्सिलीने पकडली.

तरी मी सुधारले नाही. खरी फजिती पुढे होती.

सोमवारी कॉन्ट्रॅक्ट लोकांसाठी उघडणार होतं. निखिलने तारीख जाहीर केलेली, केकची ऑर्डर दिलेली. आमच्या कल्याणच्या घरी तर वेगळीच धामधूम. गावातली आमची शेवटची दोन गुंठे जागा नुकतीच बिल्डरला गेली होती, आणि माझा दादा ते पैसे घेऊन तयार बसलेला. "माझ्या भनीचा कॉन्ट्रॅक्ट हाय, पयला पैसा माझा," असं तो नाक्यावर सगळ्यांना सांगत सुटलेला. मी त्याला अडवलं नाही. मला तेव्हा अभिमानच वाटत होता.

गुरुवारी अकरा वाजता शेवटचा भाग वाचायला घेतला. तारण ठेवलेल्या नाण्याचा भाव काढणारा. पंधरा ओळी, माझ्या सगळ्यात आवडत्या.

"भाव कोण म्हणालं?" मॅडमनी विचारलं.

"एक एक्स्चेंज आहे. त्याला कॉन्ट्रॅक्ट त्या क्षणाला विचारतं."

"किती दुकानं?"

"एकच. पण तिथे माणूस नाहीये मॅडम, गणित आहे. गणित लाच घेत नाही."

मॅडमनी टोपी बोटातून काढून टेबलावर ठेवली. "नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाखेत रोज सकाळी एका सराफाला फोन करून चांदीचा भाव विचारायचे. तोच भाव दिवसभर धरायचा. एकच सराफ, कारण तो जवळचा आणि चोख. एके दिवशी त्याने भाव जरा चढा सांगितला. दुपारी त्याचा मेहुणा चांदीची दोन ताटं नि तांब्या-भांडी घेऊन आला, त्या भावाने कर्ज घेऊन गेला, आणि परत आलाच नाही. ताटं आमच्याकडे राहिली, पण दिलं होतं त्याच्या निम्म्याची."

"मग? फोन कोणी केलेला?"

"मी. मेमो मिळाला. वर्षाची वेतनवाढ गेली." त्या हे सांगताना खिडकीबाहेर वगैरे बघत नव्हत्या, सरळ माझ्याकडे बघत होत्या. "तेव्हापासून तीन दुकानं. सगळ्यात चढा नि सगळ्यात पडेल भाव सोडायचा, मधला घ्यायचा. शेजारी कालचा लिहायचा. फरक फार दिसला तर टेबल बंद, मॅनेजरला हाक."

मी चिडले. दुपारभर त्यांना चूक ठरवायला बसले. आमच्या कॉन्ट्रॅक्टची एक खोटी प्रत केली, खोटी नाणी भरली, आणि स्वतःच चोर झाले. ब्लॉकचेनवर एकाच व्यवहाराच्या आत घेऊन परत करायच्या बोलीने प्रचंड रक्कम उसनी मिळते, तारणाशिवाय. ती घेतली. त्या एकाच दुकानातून नाणी भसाभस उचलली. गणिताने इमानाने भाव दहापट दाखवला. त्या भावाने माझी नाणी तारण ठेवली, तिजोरीत होतं नव्हतं ते कर्ज म्हणून उचललं, उसनं परत केलं. तिजोरी रिकामी. सगळं मिळून एकच व्यवहार.

मी पुन्हा केलं. पुन्हा रिकामी. सोमवारी त्या तिजोरीत पहिला पैसा दादाचा असणार होता, आणि त्याच्यामागून मला कधी न दिसणाऱ्या कुणाकुणाचा.

मी मॅडमना बोलावून तेच पडद्यावर करून दाखवलं आणि आम्ही निखिलच्या केबिनकडे निघालो. मॅडम माझ्याआधी आत गेल्या. मी दाराशी उभी राहून ऐकत होते.

"सोमवार रद्द," त्या म्हणाल्या.

"मॅडम प्लीज यार, तारीख अनाउन्स झालीय!"

"तारीख तू जाहीर केलीस, ती बदलणारा पण तूच. भाव काढण्यात गंभीर त्रुटी आहे. म्हात्रेने स्वतः हल्ला करून दाखवलाय, म्हणून कळलं. शाबासकी दे तिला."

चूक कोणी केली हा विषय त्यांनी निघूच दिला नाही. त्यांचं एक जाड रजिस्टर होतं, त्यात प्रत्येक त्रुटी लिहिलेली असायची. त्या दिवशीची नोंद मी नंतर चोरून वाचली. 'त्रुटी शोधणारी' या रकान्यात माझं नाव होतं. 'करणारी' असा रकानाच नव्हता. मी बाथरूममधे जाऊन रडले, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

आम्ही दीड महिन्याने उघडलो. तीन ठिकाणचे भाव, त्यांतला मधला, शेजारी मागच्या काही तासांचा, आणि फरक फार झाला की कर्ज देणं आपोआप बंद. दादा हिरमुसला होता, त्याला मी सगळं खरं सांगितलं. आई शेगडीपाशी ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "त्या बायला घरी आन जेवाला. जिताऱ्याचा कालवन करतंय." मॅडम आल्या, मासे पोटभर जेवल्या, आणि आईला विचारलं, "जिताडा ताजा आहे असं कोण म्हणालं?" आईने त्यांना थेट कोळणीचं नाव सांगितलं. दोघींची तेव्हापासून गट्टी.

किल्ल्यांच्या बाबतीत मात्र त्या अगदी छळायच्या. निखिलने आधी तिन्ही किल्ल्या सोयीसाठी स्वतःच्याच ड्रॉवरमधे ठेवलेल्या. मॅडमना कळलं त्या दिवशी त्या त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत, फक्त ड्रॉवरसमोर खुर्ची टाकून बसून राहिल्या. संध्याकाळी त्याने वाटणी केली. यंत्र बिघडलं तर उपयोगी पडणारे चोवीस शब्द असतात, तेही ज्याने त्याने लपवायचे, कुठे ते कुणाला सांगायचं नाही. महिन्याच्या एक तारखेला 'हजेरी'. तिघांनी आपापल्या यंत्राने एक बारकीशी सही करून दाखवायची, म्हणजे किल्ली जिवंत आहे हे कळतं.

ऑफिसची सहल खडवलीला निघाली तेव्हा निखिलने एक बस ठरवली. मॅडम म्हणाल्या, "तिघंही एका बसमधे? आणि तेही नदीवर?"

"किल्ल्या घरी ठेवून येऊ ना मॅडम!"

"आणि आकडा? तो डोक्यात आहे. डोकं घरी ठेवून येणार आहेस?"

शेवटी निखिल बसने, मॅडम कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीने आणि मी तिच्यामागच्या गाडीने, अशी आमची वरात खडवलीला पोचली. नदीवरही सुटका नाही. निखिल पाण्यात असेतो मी काठावर, मी पाण्यात शिरले की निखिलला शिट्टी. स्वतः मॅडम खडकावर पाय सोडून बसलेल्या, मांडीवर भेळेचा कागद. बाकीची पोरं हसून हसून लोळली. मी त्या वेळी त्यांना मनातल्या मनात बरंच काही बोलले होते.

कॉन्ट्रॅक्ट आजवर एकदाही फुटलेलं नाही. कितीजणांनी धडका दिल्या ते आम्हाला दिसतं. लोकांना हे माझं कर्तृत्व वाटतं, पण मला माहीत आहे ते कुणाचं आहे.

दोन वर्षांनी, एका एक तारखेला, हजेरीच्या वेळी मॅडमनी आकडा चुकवला. हसल्या, चष्मा पुसला, पुन्हा दाबला. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा चुकला असता तर यंत्राने स्वतःला कोरं केलं असतं. त्यांचं बोट बटणावर थांबलं, आणि त्यांनी यंत्र हळूच टेबलावर ठेवलं.

"होतं असं मॅडम," मी म्हटलं. "मी तर माझ्या फोनचा पण विसरते."

"कोण म्हणालं, होतं असं?"

मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली.

"मंगळवारी मला उशीर का झाला सांगते. मी कल्याणला गेले होते. बँकेत. कामावर. शटर बंद होतं, मी बाहेर उभी राहिले उघडायची वाट बघत. मग शेजारच्या फुलवाल्याने ओळखलं. म्हणाला, सामंतबाई, शाखा कधीच हलली की." त्यांनी रबरी टोपी बोटात घातली आणि काढली. "चोवीस शब्द कुठे ठेवलेत ते आठवायला काल अख्खी दुपार लागली. सापडले. पुढच्या वेळी नाही सापडले तर?"

निखिल म्हणाला, "आपण बघू ना, एवढी घाई काय आहे?"

"म्हात्रे, रजिस्टर काढ. त्रुटी लिही. तिसरी किल्ली जिच्याकडे आहे तिचा भरवसा राहिलेला नाही." मी लिहीना, तेव्हा त्यांनी स्वतःच लिहिलं, आणि 'शोधणारी' या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं.

आठवडाभर त्यांनी नवा माणूस पारखला. आमची टेस्टिंगवाली रेश्मा टिटवाळ्याहून यायची. घरी कोण, कुठल्या गाडीने येतेस, रागावतेस का पटकन, असं सगळं विचारून झालं. तिची किल्ली आधी तयार केली, नोंदवली, दोनदा सही करून तपासली. मग मॅडमची काढायची राहिली. त्यालाही दोन सह्या लागत होत्या. मी आणि निखिलने मिळून उरकता आलं असतं, पण त्या अडून बसल्या. "एक सही माझी आणि दुसरी म्हात्रेची," म्हणाल्या. त्या दिवशी आकडा बरोबर आला. माझंच बोट बटणावर अडखळलं.

"दाब," त्या म्हणाल्या. "आधी नोंद, मग हात."

मी दाबलं. पडद्यावर तीन नावं दिसली, त्यांत त्यांचं नव्हतं. त्यांनी ते बघितलं, आणि मगच यंत्रावरचा हात उचलला.

पुढच्याच महिन्यात त्यांची मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. आई अजून विचारते, बाय कवा येनार. मी फोन करते, कधी ओळखतात, कधी मुलगी आठवण करून देते. मी आजही रोज अकरा ते बारा कोड मराठीत वाचते. आता रेश्मा डोळे मिटून ऐकते आणि मला राग येईपर्यंत प्रश्न विचारते.

पण मॅडम माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या एकाच संध्याकाळच्या. त्यांची किल्ली काढली त्या दिवशी आम्ही नेहमीच्या वेळी खाली उतरलो. घोडबंदर रोड ठप्प होता. कितीतरी वेळाने एक रिक्षा थांबली. मॅडम आत बसल्या, डब्याची पिशवी मांडीवर घेतली. सवयीने मी दोन पावलं मागे सरले आणि पुढची रिक्षा दिसते का बघायला लागले. मला त्यांना सांगायचं होतं की तुमच्यामुळे माझा दादा वाचला, मी वाचले, पण मी वेड्यासारखी रस्त्याकडे बघत हात हलवत होते.

रिक्षा निघेना म्हणून मी वळले. मॅडमनी ड्रायव्हरला थांबवून ठेवलं होतं. त्या सीटवर पार पलीकडे सरकल्या होत्या आणि रिकाम्या जागेवर हात थोपटत होत्या.

"ये मनाली, बस. आता रिक्षात एकच किल्ली आहे."